चार फाइलींचा कोरस

रविवार, १६ फेब्रुवारी

बाबा या वर्षी जयंतीला गाणार नाहीत. सकाळी चहा पिता पिता त्यांनी हे सांगितलं, साखर कमी टाक म्हणावं इतक्या सहज. आई चूल पुसत होती, तिचा हात थांबला. मी मात्र मूर्खासारखा हसलो, मला वाटलं गंमत करतायत.

बाबा म्हणजे उकंडा शाहीर. बाभुळगाव तालुक्यात चौदा एप्रिलला भीमगीतं म्हटली जातात ती अर्धी त्यांनी लिहिलेली आणि उरलेली त्यांनी सुधारलेली. पण त्यांच्या गाण्यात ओळ एकट्याची नसते. बाबा ओळ टाकतात आणि मागे उभा असलेला कोरस ती झेलतो. त्या कोरसातले फकिरा काका मागच्या पावसाळ्यात वारले. उरलेले दोघं आपापल्या मुलांकडे पुण्याला गेले आणि तिकडे नातवंडं सांभाळतायत.

"कोरस नसला तं गायक म्हंजे रस्त्यानं एकटाच बोलत जाणारा माणूस," बाबा म्हणाले. "लोक म्हणतीन म्हातारा सटकला."

माझं साउंड सर्व्हिसचं दुकान आहे. लग्न, बारसं, जयंती, प्रचार, जिथे भोंगा लागतो तिथे मी लागतो. यवतमाळला कॉलेजात मी संगणकाची सी भाषा शिकलो होतो, तिचा आजवर कुणालाही उपयोग झालेला नाही. आज दुपारी ती एकदम आठवली. आवाजाच्या सॉफ्टवेअरला बाहेरून जोडायचा एक तुकडा असतो, त्याला प्लगिन म्हणतात. मी असं प्लगिन लिहीन की बाबांनी एक ओळ म्हटली की तीच ओळ किंचित उशिरा, किंचित वरखाली सुरात, आणखी तीन गळ्यांतून परत येईल. तयार मिळतात तशी, मी ऐकलीयत. पण त्यातले लोक सगळे आंघोळ करून इस्त्रीचे कपडे घालून आल्यासारखे गातात. आमच्या कोरसाला थोडी धूळ पाहिजे.

बाबांना सांगितलं.

"मशीनचा कोरस?"

"हो."

"त्याले चहा नाई लागत ना?"

"नाही."

"मंग पाहू. तुह्यं मशीन नीट बोललं तं गाईन. नाई तं नाई."

म्हणजे आता सगळं माझ्यावर आलं. दीपा म्हणाली, डोक्यात जे चाललंय ते मला सांगत बसू नका, वहीत लिहा. बायकोचं ऐकून ही वही सुरू केली आहे.

बुधवार, १९ फेब्रुवारी

इंद्रजीत आला होता. कॉलेजातला माझा दोस्त, लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यातल्या मशीनींचे प्रोग्राम सांभाळतो. त्याच्या मानाने माझं सी म्हणजे बालवाडी.

कामाची वाटणी झाली. एकूण चार फाइली. "सूर" नावाची फाइल आवाज वरखाली करणार, "उशीर" तो थोडा मागे ठेवणार, "गळे" तिघांचे तीन वेगळे स्वभाव ठरवणार आणि "मुख्य" सगळ्यांना एकत्र बांधणार. सूर आणि उशीर इंद्रजीतने घेतल्या, त्या तो यवतमाळला आपल्या लॅपटॉपवर लिहून फोनवर पाठवणार. बाकीच्या दोन माझ्या. चारही फाइलींचं मिळून एक प्लगिन माझ्या दुकानातल्या संगणकावर बनणार.

बनवायला लागते मेकफाइल. तिच्यात लिहायचं असतं की कशापासून काय करायचं. मला तिची एक गोष्ट फार आवडली. ती चारही फाइली दर वेळी नव्याने बांधत नाही. कोणत्या फाइलीला हात लागलाय ते ती तारीख-वेळ बघून ठरवते आणि तेवढीच पुन्हा करते. भाजी खारट झाली तर भाजीच पुन्हा टाकायची, भाकऱ्या कशाला थापायच्या. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "एवढं तं कोणतीही बाई करते."

इंद्रजीत निघताना आमच्या भिंतीवरच्या घड्याळाला फसला. शेवटची एसटी चुकणार म्हणून धावत सुटला आणि मग स्टँडवर डास मारत बसला. आमच्याकडच्या सगळ्या घड्या अर्धा तास पुढे असतात. कोरसवाले कधी वेळेवर येत नसत म्हणून बाबांनी फार पूर्वी घडी पुढे केली. मग हळूहळू घरातली, दुकानातली, संगणकातली, जी जी वेळ बाबांच्या नजरेला पडली ती त्यांनी पुढे करायला लावली. गावात याला उकंडा टाइम म्हणतात.

रविवार, २३ फेब्रुवारी

मेकफाइलीत ओळीच्या सुरुवातीला टॅबची कळ दाबायची तिथे स्पेसची दाबली होती, त्या खड्ड्यात सगळेच पडतात, मीही पडलो. मग प्लगिन बनलं पण सॉफ्टवेअर त्याला आत घेईना. "उशीर" ही फाइल यादीत लिहायचीच राहिली होती. तीनच फाइली एकमेकींना बांधल्या गेल्या आणि चौथीची वाट बघत बसल्या. यादी नीट केली. दुपारी पहिल्यांदा प्लगिन चालू झालं आणि मी दुकानात एकटाच नाचलो.

आता तपासायला गाणारं माणूस पाहिजे. बाबा माइकजवळ यायलाच तयार नाहीत. "प्रोग्रामच्या आधी गळा खर्च नाई करत मी." दीपा म्हणाली, मी गायले तर मशीन नवं घ्यावं लागेल. राहिली आई. तिला दुकानात आणून खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, बाबांचं कोणतंही गाणं म्हण, चार ओळी पुरे.

आईने पदर सावरला, माइककडे परका पाहुणा बसलाय तसं बघितलं, आणि म्हटलं,

पाटी दिली हाती, पेन दिला खिशात,
भीमानं आमच्या उजेड पेरला वावरात.

मग कोरसाची ओळ, "पेरला जी, पेरला." प्लगिनमधून तीन गळे आले, त्यातला एक रेडकासारखा हंबरला. बाकीचे दोन बरे होते. आईचा आवाज तपासायला फार सोयीचा आहे, आवाज मोजणारी सुई कुठेही लाल भागात जात नाही.

"तुला सगळी गाणी पाठ आहेत?" मी विचारलं.

"तुह्या बापानं ती कोठं लिहिली मंग? माह्या चुलीपुढंच."

"मग तू कोरसात का नव्हतीस?"

"कोरसात तिघं होते ना. मी तिथं उभी राह्यली असती तं त्यायचा चहा कोणी केला असता?" असं म्हणून ती हसली आणि डाळ निवडायला गेली.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

आई रोज संध्याकाळी तपासणीला येते. न बोलावता येते, म्हणजे तिलाही मशीनमध्ये रस वाटायला लागलाय. आज ती गात होती तेव्हा बाबा दुकानाबाहेर येऊन उभे राहिले. आत आले नाहीत, ओट्याच्या खांबाला टेकून उभेच. मला वाटलं विजेच्या बिलावरून बोलतील, पण तसेच निघून गेले. जेवताना मात्र म्हणाले, "ते 'खिशात' जरा लांबवून घेत जाय." मी म्हटलं, बाबा, हे प्लगिनमध्ये नाही करता येणार. ते आईकडे बघत म्हणाले, "तुले नाई म्हणून राह्यलो."

तेवढ्यात दीपाला पदराआड खोकला लागला.

मंगळवार, ४ मार्च

वैताग. रेडकाचा आवाज जात नाही. इंद्रजीतला फोन केला की "सूर"मध्ये गडबड आहे. त्याने लगेच दुरुस्त करून पाठवलं, मी लगेच बांधलं, आईला बसवलं. रेडकू तिथेच. पुन्हा फोन, पुन्हा दुरुस्ती, पुन्हा रेडकू.

"माह्याकडं तं बरोबर वाजून राह्यलं बे," इंद्रजीत म्हणाला.

"इकडं हंबरतंय."

"तुह्या स्पीकरमध्ये म्हैस बसली आसन."

मग तो जेवायला गेला. जेवून आल्यावर त्याने फक्त एक आकडा बदलून पाठवला आणि रेडकू गायब. अरे मग आधीच का नाही बदललास? तो म्हणतो, तो आकडा महत्त्वाचा नव्हताच.

सोमवार, १० मार्च

आठवडाभर लक्ष ठेवून मी एक नियम शोधलाय, आणि तो इथे लिहून ठेवतो, हसणाऱ्याने हसावं. इंद्रजीत जी दुरुस्ती लगेच पाठवतो ती चालत नाही. तो जेवून, चहा घेऊन, निवांत पाठवतो ती चालते. घाईचं काम सैतानाचं म्हणतात ते खोटं नाही. मी त्याला स्पष्टच सांगितलं की यापुढे उपाशीपोटी फाइल पाठवू नकोस.

तो म्हणाला, "संघ्या, तू इंजिनियरिंगला पुढं नाई गेला ते देशावर उपकार झाले."

पण मनात भीती आहे. जयंती कमिटीचा माणूस आज विचारून गेला, पोस्टरवर उकंडा शाहिरांचं नाव टाकायचं की नाही. बाबा म्हणाले, पोराच्या मशीनला विचारा. नाव नाही आलं तर या वर्षीच नाही, नंतरही कधी येणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हातारी माणसं एकदा खाली बसली की आपल्याला वाटतं थोडा वेळ बसलीयत.

रविवार, १६ मार्च

होळीसाठी इंद्रजीत आपल्या बंजारा तांड्यावर गेलाय, तिकडे फोनला रेंज नाही. काम बंद. तरी आई संध्याकाळी दुकानात आलीच. पाठोपाठ बाबाही आले. मशीन कुठवर आलं ते बघायला आलो म्हणाले. मी सांगितलं की आज मशीन बंद आहे. "राहू दे मंग, बसतो जरा," म्हणाले आणि पेटी काढली.

मला गोदामातल्या वायरी गुंडाळायच्या होत्या. बाहेर आलो तर बाबा एका कडव्यावर अडले होते आणि आई पुढची ओळ सांगत होती. बाबा म्हणाले, "असं नाई वो ते." आई म्हणाली, "असंच हाये. तुमीच बदललं होतं, फकिरा भाऊजीले जमत नव्हतं म्हणून." बाबा तिच्या ओळीने पुढे गेले. बंद मशीनसमोर दोघंही उगाच दमले. पण घरात बसून चिडचिड करण्यापेक्षा बरं.

बुधवार, १९ मार्च

उलगडा झाला. हसू की रडू कळत नाही.

काल पुन्हा खरखर सुरू झाली, काहीच सुधरेना म्हणून मी माझं आख्खं फोल्डर, अर्धवट बांधलेल्या फाइलींसकट, इंद्रजीतला पाठवलं. पाचच मिनिटांत त्याचा फोन.

"भाऊ, तुह्या फाइली अजून जन्मल्याच नाईत."

"म्हणजे?"

"माह्यं मेक म्हणून राह्यलं का ह्या फाइली भविष्यकाळात बनल्या. तुह्या कंप्युटरवर आता किती वाजले?"

मी वेळ सांगितली. त्याने आपलं घड्याळ बघितलं. मग म्हणाला, "उकंडा टाइम."

झालं होतं ते असं. माझ्या संगणकाची वेळ अर्धा तास पुढे, त्यामुळे मी जे बांधतो त्याच्यावर अर्ध्या तासानंतरच्या वेळेचा शिक्का. इंद्रजीतच्या लॅपटॉपची वेळ खरी, आणि त्याच्या फाइलींवर तिचाच शिक्का. त्याची दुरुस्ती लगेच आली की मेकफाइल दोन्ही शिक्के बघायची आणि म्हणायची, ही फाइल तर आधीच बांधलेल्यापेक्षा जुनी आहे, हिला हात कशाला लावा. आणि जुनंच रेडकू प्लगिनमध्ये घालून द्यायची. तो जेवून येईपर्यंत अर्धा तास उलटायचा, मग त्याची फाइल खरंच नवी ठरायची. मधल्या वेळात मीही माझ्या फाइलीत काहीबाही हलवायचो, तेवढी नव्याने बांधली जायची, पडद्यावर ओळी सरसरत जायच्या आणि मला वाटायचं सगळं झालं.

"एकदा तरी सगळं पुसून नव्यानं बांधलं असतं बे," इंद्रजीत म्हणाला.

"कशाला? मेकफाइल आहे ना."

संगणकाची वेळ खरी केली, जुनं सगळं पुसलं, चारही फाइली पहिल्यापासून बांधल्या. रेडकू नाही, खरखर नाही. तीन गळे, त्यातला एक थोडा नाकातून, एक थोडा मागे राहणारा. आईने एक ओळ म्हटली आणि दुकानात चौघीजणी उभ्या राहिल्यासारखं झालं. मी आनंदाने आईला उचलणार होतो, ती ओरडेल म्हणून राहिलो.

गुरुवार, २० मार्च

बाबांना कळलं की मी वेळ मागे केली. मला वाटलं रागावतील.

"कंप्युटरले खरं सांगत जाय," ते म्हणाले. "माणसाले नको सांगू. भितीवरच्या घडीले हात लावशीन तं पाहाय."

मग मी त्यांना चौघींचा कोरस ऐकवला. आईची ध्वनिमुद्रित ओळ होती, काही सेकंदांची. पुन्हा लाव म्हणाले. पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लाव म्हणाले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. माझं प्लगिन त्यांना इतकं भिडलं याचा मला फार अभिमान वाटला. कमिटीला फोन करून त्यांनी स्वतःच सांगितलं, नाव टाका.

शनिवार, ५ एप्रिल

थोडी तक्रार. आता तपासायचं काही उरलेलं नाही. तरी रोज संध्याकाळी दोघं दुकानात येऊन बसतात आणि तपासतात. बाबा, ज्यांना गळा खर्च करायचा नव्हता, ते रोज गळा खर्च करतात. काल एक लग्नवाला स्पीकर न्यायला आला तर त्यालाही बसवून घेतलं, तो वरात सोडून बसला.

मी आईला म्हटलं, आता पुरे, मशीन तयार आहे, प्रोग्रामला बाबांचाच आवाज त्यात जाणार. आई उठली. तिने सूप उचललं आणि आत गेली. रात्रीच्या भाजीत मीठ नव्हतं.

दीपाला म्हटलं, आईचं काय बिनसलं? दीपा म्हणाली, "तुम्ही मशीनकडेच बघा."

रविवार, १३ एप्रिल

बाबांना एकदम दोन माइक पाहिजेत. मी म्हटलं कशाला, तुम्ही ओळ टाकली की प्लगिनच कोरस देईल. ते म्हणाले, "मशीनले कोरसची ओळ समोरून द्या लागते. माह्याच आवाजात माह्याच मागं मी कसा उभा राहू? तुही माय, सत्यभामा, बसन. तिच्या आवाजाचे चार कर."

तांत्रिकदृष्ट्या हे बरोबरच आहे. मला आधी का सुचलं नाही कोण जाणे. आई आत होती. तिने ऐकलं असावं, कारण बराच वेळ कपाट उघडण्याचा आवाज येत होता. मग ती पांढरी, निळ्या काठाची साडी हातात घेऊन बाहेर आली आणि दीपाला म्हणाली, इस्त्री करून दे.

मंगळवार, १५ एप्रिल

काल रात्री आल्यावर लिहिता आलं नाही. सकाळी दुकान न उघडता लिहितोय.

विहारासमोरचं मैदान भरलं होतं. इंद्रजीत त्याच्या आईला, त्याच्या याडीला घेऊन यवतमाळहून आला होता आणि माझ्या शेजारी मिक्सरजवळ उभा होता. बाबा पांढऱ्या कपड्यात, आई थोडी मागे, खुर्चीवर, दोन्ही हात मांडीवर घट्ट.

पहिलं गाणं. बाबांनी ओळ टाकली, आईने कोरस घेतला आणि माझ्या प्लगिनने तिच्या एका गळ्याचे चार गळे केले. मैदानभर माना वळल्या. बाकीच्या तिघी कुठेयत ते लोक शोधत होते. पुढची पोरं तर स्टेजखाली वाकून बघायला लागली. इंद्रजीतने माझी पाठ इतक्या जोरात थोपटली की मी मिक्सरवर पडलो असतो. टाळ्या बराच वेळ वाजत राहिल्या. तेव्हा माझ्याइतका सुखी माणूस जिल्ह्यात नव्हता.

मग बाबांनी मिक्सरकडे, माझ्याकडे पाहिलं. माइक तोंडाजवळच होता, त्यामुळे सगळ्या मैदानाने ऐकलं.

"संघदीप, त्या बाकीच्या तिघीले बंद कर. मले हिले एकटीले आयकायचं हाये."

खोटं कशाला लिहू, मला वाईट वाटलं. चार फाइली, अख्खा मार्च, इंद्रजीतची जेवणं, सगळं एका बटणावर आलं. मी इंद्रजीतकडे पाहिलं. तो म्हणाला, "दाब ना बे." त्याच्या याडीने पदर डोळ्यांना लावला होता. मी बटण दाबलं.

आई घाबरली होती, इतक्या लांबून मला दिसत होतं. बाबांनी पुढची ओळ टाकायची होती. त्यांनी टाकली नाही. ते आपल्या जागेवरून हलले, आईचा हात धरून तिला उठवलं, आपल्या माइकसमोर उभं केलं आणि तिचा माइक घेऊन तिच्या मागे गेले. आईने एकदा मागे वळून पाहिलं. बाबांनी नुसती मान हलवली.

तिने सुरुवात केली. पाटी दिली हाती, पेन दिला खिशात. "खिशात" तिने लांबवून घेतलं, असं की मी लहान असल्यापासून आजपर्यंतची ती मला आठवली आणि त्यात कुठेही ती गात असताना मी थांबून ऐकलंय असं सापडलं नाही. तिची ओळ संपली. मागून आवाज आला, "पेरला जी, पेरला."

मी सवयीने पडद्याकडे पाहिलं. प्लगिन बंदच होतं. बाबा डोळे मिटून, एक हात कानावर ठेवून, आईच्या मागे उभे राहून कोरस म्हणत होते.